चालू मैलापाणी केंद्रातील यंत्रे बदलताना: निधी, निविदा आणि चाचणी

मैलापाणी प्रक्रिया केंद्रातील यंत्रसामग्री बदलण्याचे प्रस्ताव बहुतेक वेळा एकाच पद्धतीने जन्माला येतात. एखादा ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारे यंत्र, वर्षात तिसऱ्यांदा बंद पडतो, वरिष्ठ विचारतात की नवा केवढ्याला येईल, कोणीतरी ओळखीच्या पुरवठादाराकडून दरपत्रक मागवतो आणि त्यावर थोडी टक्केवारी चढवून अंदाजपत्रक तयार होते. पुढे निधीची मागणी, निविदेचा तांत्रिक भाग आणि करारातील हमी या साऱ्यांचा पाया तेच दरपत्रक ठरते. काय विकत घ्यायचे हे विकणाऱ्याने ठरवलेले असते आणि ते कोणाच्या लक्षातही आलेले नसते.

हे टाळायचे असेल तर कामाच्या सुरुवातीला स्वतः मोजलेला एक आकडा हाती हवा. तोच आकडा कर्जाच्या अर्जात, निविदेच्या मूल्यमापनात, स्वीकृती चाचणीत आणि शेवटच्या देयकात दिसला पाहिजे. यातल्या कोणत्याही दोन टप्प्यांवर वेगवेगळे आकडे वापरले गेले की ठेकेदाराला निसटायला वाट मिळते आणि नगरपालिकेला बचत कुठे गेली याचे उत्तर देता येत नाही. पुढील पायऱ्या त्याच धाग्याने बांधल्या आहेत.

पहिली पायरी: आहे ते मोजणे

यंत्रांची यादी प्रत्येक केंद्रात असते, पण ती बहुधा नामपट्ट्यांची नक्कल असते, आणि नामपट्टीवरचा आकडा यंत्र नवे असतानाचा असतो. उपयोगी यादीत प्रत्येक यंत्रापुढे चार गोष्टी लिहाव्यात: ते वर्षाला किती तास चालते, प्रत्यक्षात किती किलोवॉट वीज ओढते, प्रत्यक्षात किती काम करते आणि ते अचानक बंद पडले तर केंद्राचे काय होते. प्राधान्यक्रम यंत्राच्या वयावरून लावण्यापेक्षा चौथ्या रकान्यावरून लावावा. चार पंपांपैकी एक जुनाट पंप गेला तर उरलेले तीन काम ओढून नेतात. पण परतीच्या गाळाचा एकमेव पंप, ज्याला स्टँडबायच नाही, तो दोन दिवस बंद राहिला तर क्लॅरिफायरमधून, म्हणजे गाळ खाली बसवणाऱ्या टाकीतून, गाळ वाहून जाऊ लागतो आणि पाणी शुद्ध करणाऱ्या, त्या गाळातील जिवाणूंची संख्या पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागतात. किमतीने लहान असलेली यंत्रे या रकान्यात अनेकदा वर येतात.

पंपाची मोजणी करण्यासाठी पाइपला बाहेरून बसवायचा अल्ट्रासॉनिक फ्लोमीटर, आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या बाजूंना दाबमापक आणि विजेसाठी पॉवर अॅनालायझर पुरेसे असतात. प्रवाह, हेड (पाणी चढवायची उंची, पाइपातील घर्षण धरून) आणि किलोवॉट एकाच वेळी मोजून तो बिंदू उत्पादकाने दिलेल्या, प्रवाह व हेडच्या मूळ वक्ररेषेवर मांडावा. बिंदू वक्ररेषेच्या खाली पडला तर इम्पेलर, म्हणजे पंपातील फिरते चक्र, झिजला असण्याची शक्यता मोठी. पण निष्कर्ष काढण्याआधी पंपघरात जाऊन डोळ्यांनी पाहावे. एका ठिकाणी पंपांचा प्रवाह निम्म्यावर आला म्हणून सगळा संच बदलण्याचा प्रस्ताव तयार झाला होता. आम्ही मोजणीसाठी उभे असताना एका मदतनिसाने बोट दाखवले: शेजारच्या, बंद असलेल्या पंपाचा शाफ्ट संथपणे उलटा फिरत होता. चालू पंपाने उचललेले पाणी सामाईक पाइपातून, पाणी उलटे येऊ न देण्यासाठी बसवलेल्या पण न मिटणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून, बंद पंपावाटे पुन्हा वेट वेलमध्ये, म्हणजे मैलापाणी साठणाऱ्या विहिरीत, उतरत होते. पंप ठीक होते. त्या प्रस्तावातून शेवटी फक्त व्हॉल्व्ह उरले.

ब्लोअरच्या बाबतीत अशीच फसगत डिफ्युझर, म्हणजे टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारी छिद्रदार साधने, करतात. समजा, एरेशन (हवा सोडण्याच्या) टाकीत डिफ्युझरवर साडेचार मीटर पाणी आहे. तेवढ्या पाण्याचा दाब सुमारे ४४ किलोपास्कल होतो. हेडरवरचा, म्हणजे हवेच्या मुख्य पाइपावरचा, दाबमापक ६० दाखवत असेल, तर उरलेले १६ किलोपास्कल पाइप, व्हॉल्व्ह आणि डिफ्युझर यांतून हवा ढकलण्यात खर्च होत आहेत. केंद्र सुरू झाले तेव्हाच्या नोंदीत हाच आकडा ५२ असेल, तर वाढलेले ८ किलोपास्कल बहुतेक वेळा डिफ्युझरच्या पडद्यावर साचलेल्या थराचे असतात. अशा टाकीवर नवा ब्लोअर बसवला, तर तो पहिल्या दिवसापासून जुन्याचेच ओझे वाहतो, आणि तो अतिवेगवान टर्बो प्रकारचा असेल तर वाढलेल्या दाबाला सर्ज होऊन, म्हणजे हवा मागे धक्के देऊ लागून, वारंवार बंद पडतो. म्हणून आधी डिफ्युझर धुणे किंवा बदलणे, मग पुन्हा मोजणे आणि त्यानंतर ब्लोअरचा विचार करणे हा क्रम पाळावा. सक्रिय गाळ पद्धतीच्या, म्हणजे जिवाणूंच्या गाळाला हवा देऊन पाणी शुद्ध करणाऱ्या, केंद्रात एकूण विजेपैकी साधारण निम्मी किंवा त्याहून जास्त वीज हवा पुरवण्यातच जाते, त्यामुळे येथे चुकलेला क्रम सर्वात महाग पडतो.

मोजणी किती काळ करावी, यावर माझे उत्तर ठाम आहे: कोरडा आणि पावसाळी असे दोन्ही काळ तिच्यात आलेच पाहिजेत, म्हणजे शक्यतो पूर्ण वर्ष. आणि विजेचा हिशेब केवळ प्रति घनमीटर पाण्यावर करू नये. पावसाचे पाणी गटारात शिरले की घनमीटर वाढतात, प्रति घनमीटर वीज कमी दिसते आणि कोणी काही न करता बचत झाल्यासारखे वाटते. त्यापेक्षा हवेच्या यंत्रणेसाठी काढून टाकलेल्या बीओडीच्या (जिवाणूंना ऑक्सिजन लावणाऱ्या सेंद्रिय घाणीचे माप) प्रति किलोमागे, आणि जेथे अमोनियाही काढायचा असतो तेथे तो धरून, लागलेली युनिटे लिहावीत. पंपासाठी उचललेले पाणी आणि हेड दोन्ही धरावेत.

दुसरी पायरी: पर्यायांचा आयुष्यखर्च

खरेदीची किंमत हा यंत्राच्या आयुष्यातील खर्चाचा लहान भाग असतो, हे वाक्य सगळ्यांना पाठ असते. ते आकड्यांत मांडले की समितीपुढे उपयोगी पडते. ताशी ५०० घनमीटर पाणी २० मीटर हेडवर उचलायचे आहे असे धरू. त्यासाठी पाण्याला द्यावी लागणारी शक्ती २७.२५ किलोवॉट आहे. पहिल्या पंपाची कार्यक्षमता ७८ टक्के आणि मोटरची ९४ टक्के असेल, तर तो ३७.२ किलोवॉट ओढेल. दुसऱ्याची अनुक्रमे ७० आणि ९१ टक्के असेल, तर ४२.८ किलोवॉट. फरक ५.६ किलोवॉटचा. वर्षाला ६,००० तास चालवल्यास हा फरक सुमारे ३३,६०० युनिटांचा होतो आणि १५ वर्षांत ५ लाख युनिटांच्या पुढे जातो.

मात्र पुढच्या वर्षांची बचत आजच्या पैशांइतकी मोलाची नसते. वार्षिक ८ टक्के दराने १५ वर्षांची बचत आजच्या मूल्यात आणायची, तर वर्षाच्या बचतीला ८.५६ ने गुणावे. या हिशेबाने जास्तीच्या प्रत्येक किलोवॉटची आजची किंमत सुमारे ५१,४०० युनिटांच्या बिलाइतकी होते, आणि आपल्या दोन पंपांतील फरक सुमारे २ लाख ८८ हजार युनिटांच्या बिलाइतका. त्याहून कमी फरकाने महाग असलेला पहिला पंप खरोखर स्वस्त आहे. ५१,४०० हा आकडा बाजूला लिहून ठेवावा. तो निविदेत आणि दंडाच्या कलमात परत लागणार आहे.

येथे एक नेहमीची चूक सांगतो. वेग २० टक्क्यांनी कमी केला की वीज जवळपास निम्मी होते, असे सांगून व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारी उपकरणे, विकले जातात. वेगाच्या घनाचा हा नियम खरा आहे, पण तो बहुतांश हेड घर्षणाचे असेल तेव्हा लागू पडतो. मैलापाणी खोल वेट वेलमधून वर उचलणाऱ्या पंपात मोठा वाटा उंचीचा असतो आणि वेग कमी केल्याने उंची कमी होत नाही. अशा ठिकाणी वेग एका मर्यादेखाली गेला की पंप नुसता घुसळत राहतो, पाणी वर चढतच नाही. ब्लोअरलाही पाण्याच्या खोलीचा दाब स्थिरच असतो. ड्राइव्ह घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. बचतीचा हिशेब यंत्रणेच्या, म्हणजे उंची आणि घर्षण दोन्ही धरणाऱ्या, वक्ररेषेवरून काढलेला असावा, एवढेच.

क्षमता ठरवताना वीस वर्षांनंतरच्या प्रवाहाचा मोह आवरावा. आजचा भार निम्मा असताना उद्याच्या पूर्ण भारासाठी दोन मोठे ब्लोअर घेतले, तर रात्रीच्या किमान भाराला एकही ब्लोअर पुरेसा खाली येत नाही आणि जास्तीची हवा सोडून द्यावी लागते. दोन मोठ्यांऐवजी तीन किंवा चार लहान घेणे, आणि पुढच्या एकासाठी चौथरा व पाइपाचे तोंड बांधून ठेवणे, हे बहुधा बरे पडते.

तिसरी पायरी: निधी

निधीचा पहिला नियम असा की कर्जाची मुदत वस्तूच्या आयुष्याहून लांब नसावी. टाक्या आणि इमारती पन्नास वर्षे टिकतात, पंप व ब्लोअर पंधरा ते वीस वर्षे, तर मापन उपकरणे, पीएलसी (यंत्रे आपोआप चालवणारे नियंत्रक) आणि संगणक दहा वर्षांच्या आतच कालबाह्य होतात. वॉशिंग्टन शहराच्या पाणी व मलनिःसारण संस्थेने २०१४ मध्ये चक्क १०० वर्षांच्या मुदतीचे हरित रोखे काढले. ते शोभून दिसले, कारण त्या पैशातून जमिनीखालचे प्रचंड बोगदे बांधले जात होते आणि ते बोगदे शतकभर टिकावेत अशीच अपेक्षा होती. तीच मुदत ऑक्सिजन मापकाला लावली, तर नातवंडे भंगारात गेलेल्या उपकरणाचे हप्ते फेडतील. म्हणून प्रस्तावातील खर्च आधी आयुष्यानुसार तीन ढिगांत विभागावा आणि प्रत्येक ढिगाला योग्य पैसा शोधावा.

सर्वात कमी आयुष्याच्या वस्तूंसाठी नगरपालिकेचा स्वतःचा घसारा निधी हाच योग्य स्रोत आहे. असा निधी बाजूला काढलेला नसेल, तर या प्रकल्पाच्या निमित्ताने तो सुरू करण्याचा ठराव घेऊन ठेवावा. कर्ज देणारी संस्था तो ठराव पाहून खूश होते, कारण यंत्रे दहा वर्षांनी पुन्हा तिच्याच दारात येणार नाहीत याची ती खूण असते. मधल्या ढिगासाठी, म्हणजे यंत्रांसाठी, विकास बँकांची किंवा सरकारी वित्तसंस्थांची कर्जे सोयीची असतात. अमेरिकेत १९७२ च्या कायद्यानंतर केंद्रे उभारण्यासाठी मोठी अनुदाने दिली गेली; १९८७ मध्ये धोरण बदलून राज्याराज्यांत फिरते कर्जनिधी उभे करण्याची तरतूद झाली, ज्यात एका शहराने फेडलेला हप्ता दुसऱ्या शहराला कर्ज म्हणून मिळतो. ज्या देशांत असा फिरता निधी आहे तेथे त्याचे व्याज बाजारभावापेक्षा कमी असते, म्हणून आधी तेथे चौकशी करावी.

अनुदान मिळत असेल तर अर्थातच घ्यावे, पण त्याची कलमे बारकाईने वाचावीत. बहुतेक अनुदाने भांडवली खर्चालाच लागू होतात, दुरुस्तीला नाही. मंजुरीच्या आधी केलेला खर्च धरत नाहीत. स्वतःचा ठरावीक वाटा मागतात. आणि काही अनुदाने खर्च करून झाल्यावर परताव्याच्या रूपाने येतात. शेवटची अट सर्वात जाचक आहे, कारण ठेकेदाराचे देयक आज द्यायचे असते आणि परतावा कित्येक महिन्यांनी येतो. मधल्या काळासाठी अल्पमुदतीच्या कर्जाची सोय आणि तिचे व्याज आराखड्यातच धरावे. डिफ्युझर धुण्याचे काम अनुदानात बसत नाही म्हणून नवे ब्लोअर घेतले, असे निर्णय मी पाहिले आहेत. वर सांगितलेला क्रम अनुदानाच्या कलमामुळे उलटा होऊ देऊ नये.

ऊर्जासेवा कंपनीशी बचतीवर आधारित करार हा चौथा मार्ग. यात कंपनी पैसे घालते आणि वाचलेल्या विजेतून वसूल करते. ऐकायला हा मार्ग फुकटचा वाटतो, पण त्याचा सारा भार पूर्वस्थितीच्या, म्हणजे बदलाआधीच्या वीजवापराच्या, आकड्यावर असतो. ही पूर्वस्थिती कंपनीने स्वतः मोजली असेल तर करारावर सही करू नये. भार वाढला, पाऊस जास्त झाला, प्रक्रिया बदलली, तर पूर्वस्थितीचा आकडा कोणत्या सूत्राने बदलेल हे करारात लिहिलेले हवे, आणि सोडलेल्या पाण्याची गुणवत्ता राखूनच झालेली बचत मोजली जाईल हेही. नाहीतर हवा कमी सोडून वीज वाचवण्याचा सोपा उपाय कोणालाही सुचतो.

अंदाजपत्रकात विसरल्या जाणाऱ्या बाबी जवळपास सगळीकडे सारख्याच असतात: काम चालू असताना भाड्याने आणायचे पंप आणि तात्पुरते पाइप, नव्या भारासाठी पॅनेल व केबल बदलणे, जुन्या चौथऱ्यांची तोडफोड, दोन वर्षांचे सुटे भाग, चाचण्यांचा खर्च, देखरेखीचे शुल्क, कर आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण. जुन्या केंद्रात उघडल्याशिवाय न कळणाऱ्या गोष्टी अनेक असतात, म्हणून आकस्मिक खर्चाची तरतूद नव्या बांधकामापेक्षा जास्त ठेवावी आणि ती का जास्त आहे याची टिपणीही जोडावी. टिपणी नसेल तर वित्त विभाग ती पहिल्याच फेरीत छाटून टाकतो.

चौथी पायरी: कराराचा साचा निवडणे

साचा निवडताना एकच प्रश्न विचारावा: आराखड्यातील चूक निघाली तर तिची जबाबदारी कोणाची? सल्लागार अभियंत्यांच्या फिडिक या आंतरराष्ट्रीय संघाचे प्रमाणित करार रंगांवरून ओळखले जातात आणि ते याच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे देतात. लाल पुस्तकात आराखडा मुख्यतः मालकाचा असतो, पिवळ्यात ठेकेदार आराखडा करून यंत्रसंच उभारतो, चंदेरी पुस्तकात जवळपास सारी जोखीम ठेकेदार घेतो आणि त्याची किंमतही लावतो. २००८ मध्ये आलेल्या सोनेरी पुस्तकात आराखडा, उभारणी आणि त्यानंतर दीर्घकाळ चालवणे एकाच ठेकेदाराकडे असते.

ज्या केंद्रात टाक्या जुन्याच राहणार आहेत आणि फक्त यंत्रे बदलायची आहेत, तेथे मला पिवळ्या प्रकारचा साचा सर्वात योग्य वाटतो. ब्लोअर, पाइप, नियंत्रण आणि ऑक्सिजन मापक हे एकाच माणसाच्या जबाबदारीखाली असले, तर हवा पुरत नाही तेव्हा तो दुसऱ्याकडे बोट दाखवू शकत नाही. संपूर्ण जोखीम ठेकेदारावर टाकण्याचा साचा जुन्या केंद्रात महाग पडतो, कारण जमिनीखालच्या पाइपांची माहिती कोणाकडेच नसते आणि ठेकेदार त्या अंधाराची किंमत बोलीत मिसळतो. एकच पंप जसाच्या तसा बदलायचा असेल तर या साऱ्याची गरज नाही. साधी पुरवठा व उभारणीची निविदा पुरे.

मुख्य यंत्र नगरपालिकेने आधी स्वतः निवडायचे आणि मग उभारणीचा ठेका वेगळा काढायचा, अशीही एक पद्धत आहे. तिचा फायदा असा की आराखडा प्रत्यक्ष यंत्राच्या मापांवर तयार होतो. तोटा असा की यंत्र उशिरा आले तर उभारणीच्या ठेकेदाराला भरपाई नगरपालिका देते. ज्या कार्यालयात दोन ठेक्यांत समन्वय ठेवायला पूर्णवेळ अभियंता नाही, तेथे या वाटेला जाऊ नये.

पाचवी पायरी: निविदा

तांत्रिक भागात नाममुद्रा लिहू नये हे सगळ्यांना माहीत असते. पण एखाद्याच उत्पादकाच्या पुस्तिकेतून उचललेली मापे लिहिली तर तेही नाव लिहिल्यासारखेच आहे, आणि हरलेला बोलीदार ते बरोबर ओळखतो. त्याऐवजी काम लिहावे: कोणत्या दाबाला किती हवा, किमान आणि कमाल किती, हवेचे तापमान व आर्द्रता किती धरून, आवाज किती डेसिबलच्या आत. डिफ्युझरसाठी ऑक्सिजन मिसळण्याची हमी स्वच्छ पाण्यात मागावी, कारण तीच चाचणीत मोजता येते. पण आपल्या हिशेबात मैलापाण्याचा अल्फा गुणक, म्हणजे स्वच्छ पाण्याच्या तुलनेतील प्रमाण, लावावा. साबण आणि तेलकट द्रव्यांमुळे बारीक बुडबुड्यांची कामगिरी मैलापाण्यात स्वच्छ पाण्याच्या निम्म्यावरही येऊ शकते.

मूल्यमापनाचे सूत्र निविदेतच छापावे. बोलीची किंमत, अधिक हमी दिलेल्या प्रत्येक किलोवॉटमागे ठरलेली रक्कम, अशी बेरीज करून सर्वात कमी बेरीज असलेला बोलीदार निवडावा. दुसऱ्या पायरीतील ५१,४०० युनिटे गुणिले विजेचा दर म्हणजे ही रक्कम. हमीचा आकडा एकाच बिंदूवर मागू नये. केंद्र वर्षातून किती तास कोणत्या भारावर चालते याचे वजन लावून तीन किंवा चार बिंदूंवर मागावा. पूर्ण भारावर उत्तम आणि अर्ध्या भारावर सुमार असे यंत्र निवडले जाण्याचा धोका त्यामुळे टळतो.

दंडाचा दर मूल्यमापनातील दराहून कमी ठेवण्याची चूक फार ठिकाणी होते. दर कमी असेल, तर बोलीदाराने खोटी चांगली हमी देऊन काम मिळवणे आणि नंतर स्वस्तात दंड भरणे हेच शहाणपणाचे ठरते. दंड किमान तेवढाच, आणि माझ्या मते दीडपट असावा. तूट ठरावीक टक्क्यांच्या पलीकडे गेली तर यंत्र नाकारण्याचा अधिकारही हवा. याच ठिकाणी आयएसओ ९९०६ या पंपचाचणीच्या मानकातील श्रेणी लिहायला विसरू नये. त्यातील २बी श्रेणीत कार्यक्षमता हमीपेक्षा ५ टक्क्यांपर्यंत कमी आली तरी पंप उत्तीर्ण होतो, १बी मध्ये ३ टक्क्यांपर्यंत. १ई मध्ये कार्यक्षमतेला उणे सवलत नाही. कार्यक्षमतेवर गुण देऊन पंप निवडायचा आणि चाचणी २बी ने घ्यायची, म्हणजे तुलनेचे सारे गणित वाया घालवणे होय.

बोलीपूर्व बैठक कार्यालयात न घेता केंद्रातच घ्यावी आणि पाहणीनंतर आलेल्या प्रत्येक प्रश्नाचे लेखी उत्तर सर्व बोलीदारांना एकाच वेळी पाठवावे. पाहणीत दाराची रुंदी, वरच्या क्रेनची क्षमता आणि तिच्या हुकाची पोहोच दाखवावी. नवा ब्लोअर ट्रकवर आणि ब्लोअरगृहाचे दार त्याहून एक वीत अरुंद, हे दृश्य विनोदी वाटते, पण भिंत फोडण्याचे देयक कोणाच्या नावावर यावर त्यानंतर दोन महिने पत्रव्यवहार चालतो. जोडबिंदूंची यादी, म्हणजे कोणत्या फ्लँजपासून, कोणत्या टर्मिनलपासून ठेकेदाराचे काम सुरू होते आणि कुठे संपते, निविदेला नकाशासह जोडावी.

सर्वात कमी बोली अंदाजापेक्षा फारच खाली आली तर आनंदाआधी खुलासा मागवावा. दरांचे विश्लेषण लेखी घ्यावे. काय वगळले आहे ते बहुधा तेथेच सापडते, आणि जुन्या केंद्रात वगळलेली गोष्ट बहुतेक वेळा तात्पुरती पंपिंग व्यवस्था असते.

सहावी पायरी: केंद्र चालू ठेवून काम

मैलापाणी थांबवता येत नाही. म्हणून बदलाचा क्रम हा ठेकेदाराच्या मर्जीवर न सोडता कराराचा भाग करावा: कोणती टाकी केव्हा रिकामी होईल, त्या वेळी उरलेल्या टाक्यांवर किती भार पडेल, किती तास बंद ठेवता येईल आणि त्या तासांत काम पूर्ण झाले नाही तर मागे कसे फिरायचे. नियंत्रक संस्थेची परवानगी या कागदावरच मागावी. पाऊसकाळात मोठे बदल ठेवू नयेत.

क्रम ठरवण्याआधी वेगळे करणारा प्रत्येक गेट व व्हॉल्व्ह प्रत्यक्ष बंद करून पाहावा. वर्षानुवर्षे न हललेला गेट अर्धाच उतरतो आणि मग पूर्ण वेळापत्रक त्या एका गेटवर अडते. टाकीत किंवा वेट वेलमध्ये उतरण्याआधी परवाना, वायुमापक, बाहेर उभा राहणारा माणूस आणि वर ओढण्याची तिपाई असल्याशिवाय कोणालाही आत सोडू नये. हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचे प्रमाण दहा लाखांत १०० भागांच्या आसपास गेले की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो. वास येत नाही म्हणून आत गेलेला माणूस आणि त्याला काढायला गेलेला दुसरा, असे दोघे जातात. या तरतुदींचा खर्च स्वतंत्र बाब म्हणून निविदेत दाखवावा, म्हणजे कमी बोली लावण्यासाठी तो कापला जाणार नाही.

सातवी पायरी: देयके, चाचणी आणि स्वीकृती

देयकांचे टप्पे हेच मालकाच्या हातातील खरे साधन आहे. कारखान्यातील चाचणी, माल केंद्रावर येणे, उभारणी, कामगिरीची चाचणी असे टप्पे असावेत, आणि कामगिरीची चाचणी होईपर्यंत किमान १५ ते २० टक्के रक्कम हातात राहावी. माल आल्याबरोबर ९० टक्के देणारे करार मी पाहिले आहेत. तेथे चाचणीसाठी ठेकेदाराला बोलावताना अभियंत्याला विनवण्या कराव्या लागतात. बँक हमी घेतली असेल तर तिची मुदत संपण्याच्या दोन महिने आधीची तारीख लेखा विभागाच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी. काम लांबते, हमी मात्र छापलेल्या तारखेला संपते.

कारखान्यातील चाचणीला केंद्र चालवणारा माणूस पाठवावा. तो गेला नाही, तर निदान कच्च्या नोंदींची प्रत आणि मापकांची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रे घ्यावीत. केंद्रावरील चाचणी पहिल्या पायरीतील मापकांनी, पाइपावरच्या त्याच जागी घ्यावी. म्हणूनच पहिल्या मोजणीच्या वेळी जागेवर रंगाने खूण करून छायाचित्र काढलेले असावे. त्यानंतर सलग ३० दिवस केंद्र नव्या यंत्रांवर चालवून पाहावे. मध्ये बंद पडले, आणि दोष यंत्राचा निघाला, तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

स्वीकृतीच्या कागदांत एका गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते: पीएलसीचा मूळ प्रोग्रॅम, त्यातील टिप्पण्यांसह, आणि सगळे पासवर्ड. ते ठेकेदाराकडेच राहिले तर पुढे एक टायमर बदलायलाही त्यालाच बोलवावे लागते आणि दर तो सांगेल तो. अंतिम देयकाआधी तो प्रोग्रॅम आपल्या माणसाने रिकाम्या पीएलसीत उतरवून, चालवून दाखवावा अशी अट ठेवावी. सुट्या भागांची यादी भागक्रमांकांसह, देखभालीची वेळापत्रके आणि प्रत्यक्ष बांधलेल्या स्थितीचे नकाशे याच वेळी ताब्यात घ्यावेत. नंतर मागितले तर येतात, पण अर्धवट.

दोषदायित्व कालावधी, म्हणजे दोष ठेकेदाराने दूर करून द्यायची मुदत, संपण्याच्या एक महिना आधी संपूर्ण मोजणी आणखी एकदा करावी. किलोवॉट, प्रवाह, हेड, हेडरचा दाब आणि प्रति किलो बीओडीमागची युनिटे हे पाच आकडे पूर्वस्थितीच्या शेजारच्या रकान्यात लिहावेत, तफावत असेल तर ठेकेदाराला त्याच आठवड्यात लेखी कळवावे, आणि त्याच्याकडून दुरुस्ती होऊन पुन्हा मोजणी होईपर्यंत राखून ठेवलेली रक्कम सोडू नये.